रामाजी मिस्त्री आणि चेंबरचा नट

इंजिनात तेल असते तोवर वरून सगळं बरं दिसते. पण खाली बुडाशी गाळ बसत जाते. आज थोडा, उद्या थोडा. कोणाले दिसत नाही, कोणी विचारत नाही. मग एका दिवशी खालचा नट काढला की काळं कुळकुळीत सगळं भदाभदा बाहेर! किस्स्यांचंही असंच आहे पाहा. आपण म्हणतो, एवढ्या वर्षांत काय झालं, काहीच नाही झालं. अन् मग कोणी तरी चहाच्या टपरीवर विचारते, "काका, तुमच्या टायमाले गॅरेज कसं होतं जी?" झालं! मग माझा चहा थंड होते अन् त्याची बस निघून जाते.

तेव्हा भिलाईचा पोलादाचा कारखाना अजून बनून राहिला होता. भट्टी पेटायची होती. जिकडं पाहा तिकडं लाल माती, खड्डे, क्रेनी, अन् दुनियेभरचे लोक. आमचं गॅरेज म्हणजे टिनाचा एक मोठा शेड. त्यात जीप, ट्रक, अन् रशियन साहेबांच्या मोटारी. मी तिथं हेल्पर. शाळा मी पाहिली नाही. जे काही पाहिलं, ते गाडीखाली पाठीवर पडून पाहिलं. अन् माझा हात पहिल्यापासून हळू. नत्थू ड्रायव्हर मले म्हणे, "दामू, तू गाडीखाली गेला की वाटते, आता दिवाळीलेच बाहेर येशीन!"

तर, इंजिनाच्या खाली तेलाचं एक भांडं असते. त्याले आम्ही चेंबर म्हणत होतो. त्याच्या बुडाशी एक नट. तो काढला की जुनं तेल खाली, तो लावून वरून नवं तेल भरलं की गाडी तयार. बस, एवढंच काम. पण त्या एवढ्याशा नटानं आमच्या रामाजी मिस्त्रीले जेवढं नाचवलं, तेवढं कोण्या साहेबानंही नाचवलं नसेल!

* * *

रामाजी मिस्त्री तुमसरचा. गॅरेजचा मुख्य. उंच, वाळलेला, अन् बोलणं कमी. इंजिनाले कान लावला की सांगे, "याले खोकला झाला." अन् खोकला निघेच!

एका दिवशी आमच्या गॅरेजमधून निघालेला ट्रक राजहऱ्याच्या खाणीच्या रस्त्यावर उभा राहिला. उभा काय, बसलाच म्हणा. चेंबरचा नट ढिला राहून गेला होता. तो कुठं तरी गळून पडला, तेल सगळं रस्त्यावर सांडलं, अन् इंजिन जाम. ट्रक ओढत आणला तेव्हा मिस्त्रीनं त्याच्या बॉनेटवर हात ठेवला, जसा आपण मेलेल्या बैलाच्या पाठीवर ठेवतो.

ट्रान्सपोर्ट साहेब आला. साहेब जबलपूरकडचा. मराठी त्याले समजे, पण राग आला की हिंदीतच येई. म्हणाला, "मिस्त्री, एक और इंजन ऐसे गया, तो तुम भी गया. क्वार्टर भी गया. समझा?"

क्वार्टर मिस्त्रीले नुकतंच भेटलं होतं. बायको दोन पोरी घेऊन, पोत्यात जातं बांधून, तुमसरहून नुकतीच आली होती. गावी तिच्या सासऱ्यानं सांगून ठेवलं होतं, लोखंडाच्या नोकरीचा भरवसा नाही, परत येजा. आता हे साहेबाचं बोलणं. मिस्त्री संध्याकाळी घरी गेला. बायकोनं विचारलं, "जातं कुठं मांडू?"

मिस्त्री म्हणाला, "अजून पोत्यातच राहू दे!"

* * *

ही गोष्ट दुसऱ्या दिवशी गॅरेजमधे सगळ्यांले माहीत झाली.  प्रत्येकानं आपल्या मनात धरलं, की आता या गॅरेजमधून एकही नट ढिला जाऊ द्यायचा नाही. मिस्त्री गेला तर आमचं कोण?

मग काय होई, की गाडी तयार होऊन उभी राहिली, की जो कोणी बाजूनं जाई, तो पाना घेऊन खाली वाके अन् नटाले एक आटा देई. कोणाले सांगे नाही. सांगण्यासारखं काय होतं त्यात? देवळासमोरून जाताना आपण घंटी वाजवतो, मग मागचा माणूसही वाजवते. तसंच.

मग नट खुलणं बंद झालं. तेल बदलायची गाडी आली की मिस्त्री पाना लावे, जोर लावे, पाना सटके, बोटं सोलून निघत. कसातरी निघाला की तो नट हातात घेऊन पाहे, नटाखालचा वायसर पाहे. म्हणे, "हे कावून होऊन राहिलं गा? लोखंड फुगून राहिलं का काय इथल्या हवेनं?" मलेही तोच प्रश्न. लोखंड लोखंडाले इतकं कावून धरते? दोघंही तर थंडच असतात!

एका दुपारी जेवण झाल्यावर मिस्त्री सावलीसाठी एका तयार ट्रकखाली जाऊन लवंडला. आमाले माहीत नाही. पहिले नत्थू आला. बसला, हात आत घातला, नटाले एक आटा देला, गेला. मग बिसाहू आला. बिसाहू म्हणजे इथलाच, शिवनाथ नदीकडच्या गावचा, अंगानं पहिलवान. त्यानं एक आटा देला, गेला. मग मी गेलो. माझा हळू, पण देला. मग गेटवरचा चौकीदार आला. आता त्याचा गाडीशी काय संबंध? पण त्यानंही शेडातला पाना उचलला अन् हात आत घातला.

तेवढ्यात अंधारातून आवाज आला, "अजून कोन बाकी हाय बे?"

चौकीदार पाना टाकून जो पळाला, तो चार दिवस म्हणत होता की त्या ट्रकात भूत आहे!

त्या दिवशी मिस्त्रीनं सगळ्यांले उभं केलं. म्हणाला, "आजपासून चेंबरच्या नटाले एकच हात लागीन. माझा. दुसऱ्याचा हात दिसला तं त्याचा हातच पान्यात धरून पिरगाळीन." आम्ही माना हालवल्या. पण आधीच कसून बसलेले ते सगळे नट होते नं! ते तर खोलायचेच होते.

* * *

पहिली भानगड निघाली दिशेची.

मिस्त्रीचा हिशोब सोपा होता. "जेवाच्या हाताकडे ओढला की बंद, दुसऱ्या हाताकडे ओढला की खुला." आम्ही सगळे तसंच करत होतो. आता एका ट्रकाचा नट असा अडकला, की मिस्त्रीनंच नत्थूले आत पाठवलं. म्हणे, "तू जरा जाड हायेस, तू लाव जोर." नत्थू गेला. पाठीवर पडला. दुसऱ्या हाताकडे ओढला. पान्यात पाइप घालून ओढला. पाय चाकाले टेकवून ओढला. नट जागचा हालेना. हालला तर असा वाटे की आत चालला!

मिस्त्री शेवटी स्वतः वाकून पाहते, तर काय! एरवी पान्याची दांडी डोक्याकडे असते. त्या ट्रकाले मधे लोखंडाचा आडवा दांडा होता, म्हणून नत्थूनं पाना उलटा, पोटाकडे दांडी करून लावला होता. अन् सकाळपासून तो दुसऱ्या हाताकडेच ओढून राहिला होता. म्हणजे कसून राहिला होता!

नत्थू म्हणाला, "पन मिस्त्री, जेवाचा हात तं तोच हाय नं माझा!"

मले मात्र त्या गोष्टीनं झोप येईना. एकच नट. पाना इकडून लावला तर एका हाताकडे खुलते, तिकडून लावला तर दुसऱ्या हाताकडे. वरून पाहिला तर अजून वेगळा. मी गॅरेजमधून एक जुना नटबोल्ट घरी आणला अन् खाटेवर बसून फिरवून फिरवून पाहत बसलो. डोक्यावर धरून पाहिला, पोटावर धरून पाहिला. पोळी निवून गेली.

बायको म्हणाली, "आता उठा. का जेवाचा हातही मीच दाखवू?"

* * *

पावेल साहेब हा रशियन. लाल तोंडाचा, गुबगुबीत. त्याची मोटार आमच्याच गॅरेजमधे येत होती. बाकीचे साहेब गाडी टाकून जात. हा गाडीजवळ उकिडवा बसे अन् पाहत राही. त्याले आपली भाषा येत नव्हती, आमाले त्याची येत नव्हती. त्याले एकच शब्द येई, "अच्छा." चांगलं झालं तरी अच्छा, बोट सोललं तरी अच्छा.

एकदा असाच एका जीपचा नट निघेना. पावेल साहेब उठला, कोट काढून माझ्या हातात देला, अन् गाडीखाली घुसला. मिस्त्री बाजूले पडून पाहून राहिला. साहेबानं पाना लावला अन् पहिले नट कसला! मिस्त्री ओरडला, "अरे बाप्पा, साहेब, उलटं! उलटं!" साहेब म्हणाला, "अच्छा," अन् अजून कसला. एवढासाच. केसाएवढा. नटातून टक् करून आवाज आला. अन् मग त्यानं उलट फिरवला, तर नट लोण्यासारखा निघाला.

मिस्त्री बाहेर आला. बीडी पेटवली. मले म्हणाला, "दामू, खोलाचं असन तं पहिले अजून कसाचं. कशी गोष्ट हाय पाहा! जो अडून बसला, त्याले पहिले अजून थोडं अडवाचं, मंग तो सुटते."

मी म्हटलं, "असन बा. जंगानं धरलेली पकड पहिले तुटत असन, मंग कुठंही फिरते."

मिस्त्री विचारात पडला. त्या वेळी बायको त्याच्यावर रुसली होती. कावून, की घरात बसून तिचा जीव कंटाळला होता अन् हा गॅरेजहून आला की नटाशिवाय दुसरं बोलेच ना. मिस्त्रीच्या मनात काय आलं कोण जाणे, तो घरी गेला अन् रुसलेल्या बायकोवर अजून थोडा रागावला.

दुसऱ्या दिवशी तो डबा न आणता कामावर आला. नत्थूनं विचारलं, "काय झालं मिस्त्री?"

मिस्त्री म्हणाला, "रशियन इलाज फक्त लोखंडावर चालते!"

* * *

मग बिसाहूचा इलाज.

एका जुन्या ट्रकाचा नट असा गंजला होता, की तो नट कुठं संपते अन् चेंबर कुठं सुरू होते, हेच समजेना. इंजिन गरम करून पाहिलं. हातोडीनं ठोकून पाहिलं. रॉकेल चोळून पाहिलं. मिस्त्रीची कंबर धरली, पण नट सुटेना.

बिसाहू त्याच्या छत्तीसगढीत म्हणाला, "कइसे नइ खुलही मिस्त्रीजी! मोर बासी हे ना!"

बासी म्हणजे रात्री पाण्यात भिजवून ठेवलेला भात. इकडचे लोक सकाळी तोच खाऊन कामावर येतात, पोट दिवसभर थंड. दुपारपर्यंत त्याचं पाणी चांगलं आंबट होऊन जाते. बिसाहूचं म्हणणं, की त्याची आजी तांब्याची भांडी त्या पाण्यानं घासते अन् ती सोन्यासारखी निघतात, तर नट काय चीज आहे! त्यानं एक फडकं बासीत बुडवलं, अन् भातासकट नटाले गुंडाळून सुतळीनं बांधून टाकलं. मिस्त्रीनं करू देलं. त्याची कंबर इतकी दुखत होती, की कोणी मंत्र म्हटला असता तरी चालला असता.

सकाळी आम्ही गेलो तर फडकं नाही. शेडाच्या मागं एक कुत्रा ते फडकं पायात धरून चाटून राहिला होता. ट्रकखाली त्याच्या पायाचे ठसे. भाताचं एकही शीत शिल्लक नाही. बिसाहूचं तोंड पडलं. मिस्त्रीनं उगाच पाना लावून पाहिला, अन् नट फिरला!

मग दिवसभर वाद. बिसाहू म्हणे, बासीनं सुटला. नत्थू म्हणे, कुत्र्यानं फडकं ओढलं त्या हिसक्यानं सुटला. मी म्हटलं, कालच्या रॉकेलनं आज काम केलं असेल, रॉकेल माझ्यासारखं हळू असते. मले अजूनही ठाऊक नाही कशानं सुटला. विचारलं तर कोणाले विचारावं?

मिस्त्रीनं वाद मिटवला. म्हणाला, "उद्यापासून त्या कुत्र्याची हजेरी लावत जा!"

* * *

क्रेनचा किस्सा मी सांगणार नव्हतो, पण आता एवढं आलंच आहे.

त्या दिवशी मिस्त्री दुर्ग गावी वैद्याकडे कंबर दाखवायले गेला होता. इकडं एका जीपचा नट इतका झिजला, की पाना त्याच्यावर नुसता गोल फिरे. नत्थू म्हणाला, "मिस्त्री यायच्या आत करून टाकू. खालून तेल निघत नाही तं वरून काढू. तेल घालतो त्या तोंडातून!"

मी म्हटलं, "ते कसं?"

तो म्हणाला, "बाटली कशी रिकामी करते बे तू? उलटी करून!"

आता दुसऱ्या कोण्या गावात ही गोष्ट इथंच संपली असती. पण भिलाईत तेव्हा माणसाले वरण कमी अन् क्रेनी जास्त होत्या! नत्थूच्या ओळखीचा एक क्रेनवाला बाजूलेच खांब उभे करून राहिला होता. त्यानं जीपच्या मागच्या बाजूले साखळी घातली अन् उचलली. जीप नाकावर उभी राहिली. मग अजून उचलली. जीप हवेत, तोंड खाली, अन् खाली आम्ही डबा धरून.

तेल आलं. खरंच आलं. पण तेलाच्या आधी रेडिएटरचं पाणी आलं. मग बॅटरीचं पाणी आलं. मग सीट आली. मग नत्थूच्या चपला, बीडीचं बंडल, अन् सीटखाली ठेवलेला त्याचाच जेवणाचा डबा. भाजी आमच्या डोक्यावर!

अन् नेमकं तेव्हाच ट्रान्सपोर्ट साहेब आला. त्याच्या मागून, कंबरेले पट्टा बांधलेला मिस्त्री. दोघंही मान वर करून पाहतच राहिले. जीप हळूहळू झोके खाऊन राहिली होती.

साहेब म्हणाला, "मिस्त्री, ये क्या है?"

मिस्त्रीनं एकदा जीपकडे पाहिलं, एकदा माझ्या डोक्यावरच्या वांग्याकडे पाहिलं. म्हणाला, "साहेब, सर्व्हिसिंग."

साहेब हसला नाही. जाता जाता बोट दाखवून बोलला, "मेरी बात याद है ना? दूसरी बार नहीं बोलूँगा." मिस्त्री त्या दिवशी कोणालेच रागावला नाही. तो रागावला असता तर बरं वाटलं असतं.

* * *

त्यानंतर आमच्या मिस्त्रीचा भीतीनं हात भारी झाला. नट लावायचा तो एकटाच, पण इतका कसे की खोलताना त्याचीच कंबर मोडे. तरी दुसऱ्याले हात लावू देत नव्हता. गाडीखालून निघे तर भिंत धरून उभा राहे. आम्ही पाहत होतो, पण बोलायची सोय नव्हती.

पावसाळ्याच्या शेवटी विश्वकर्मा पूजा आली. गावाकडे आम्ही दसऱ्याले नांगर-वखर पूजत होतो, पण इथं बंगाली, बिहारी लोकांनी विश्वकर्म्याची पूजा आणली अन् ती सगळ्या प्लांटची झाली. त्या दिवशी हत्यारांले आराम. पाने, हातोड्या धुऊन, पुसून, हळदकुंकू लावून देवासमोर मांडायचे. त्या दिवशी कोणी पाना उचलत नाही. उचलला तर वर्षभर हाताले यश नाही, असं.

पावेल साहेबाची मोटार तेल बदलायले पूजेच्या दोन दिवस आधीच येऊन शेडात उभी होती. पूजेच्या आदल्या दिवशी तिचं काम होणार होतं. पण त्या सकाळीच पावेल साहेबाले राजहऱ्याच्या खाणीचं बोलावणं आलं. तो तशीच मोटार घेऊन गेला अन् संध्याकाळी परत आला. रस्ता तेव्हा कसा होता ते काय सांगू! तो उतरला तेव्हा त्याच्या टोपीचाही रंग लाल झाला होता. तरी म्हणाला, "अच्छा!"

पूजेच्या दिवशी शेड झेंडूनं भरला होता. मिस्त्रीची बायको पोरींले नवीन झगे घालून आली होती. आरती झाली, नारळ फुटला, अन् ट्रान्सपोर्ट साहेब आला. म्हणाला, "पावेल साहब की गाड़ी का तेल बदला? कल सुबह उनको रायपुर जाना है, हवाई जहाज़ से मेहमान आ रहे हैं."

मिस्त्री म्हणाला, "साहेब, आज हत्यार उचलत नाई. उद्या पहाटे करून देतो."

साहेबाले वाटलं, हा उलटून बोलून राहिला. सगळे लोक पाहून राहिलेले. तो म्हणाला, "अभी करो. नहीं तो गेट पास यहीं भगवान के सामने रख दो और घर जाओ."

 मिस्त्रीनं देवाकडे पाहिलं. हार घातलेल्या पान्यांकडे पाहिलं. मग बायकोकडे पाहिलं. ती प्रसादाचं ताट धरून उभी होती अन् धाकटी पोरगी तिच्या पदराआड गेली होती.

मिस्त्री म्हणाला, "साहेब, हत्यार तं मी नाई उचलत. पन हे हात देवानंच देले हायेत. हातानं पाहतो. खुलला तं खुलला. नाई खुलला तं मी जातो तुमसरले."

पावेल साहेब मोटारीजवळ उकिडवा बसला. मिस्त्री कंबर सांभाळत खाली गेला. मी तेलाचा डबा सरकवला. नत्थू अन् बिसाहू माझ्या बाजूले वाकले. सगळ्यांले माहीत होतं, तो नट मिस्त्रीच्याच हातचा होता. मागल्या वेळी त्यानं पाइप घालून कसला होता. त्याले बोटानं हालवणं म्हणजे खांब बोटानं हालवणं.

मिस्त्रीनं दोन बोटं नटाले लावली.

अन् नट फिरला. लोणच्याच्या बरणीचं झाकण फिरते नं, तसा! एक फेरा, दुसरा फेरा, अन् नट मिस्त्रीच्या तळहातावर. काळ्या तेलाची धार डब्यात.

वर कोणी तरी ओरडलं, "विश्वकर्मा भगवान की..." अन् सगळा शेड "जय!" म्हणून दणाणला. पावेल साहेब टाळ्या वाजवून राहिला. ट्रान्सपोर्ट साहेबानं पायातले बूट काढले. बायका एकमेकींले सांगून राहिल्या, बोटानं खोलला वं, नुसत्या बोटानं!

मिस्त्री बाहेर येईना. तिथंच पडून, नट डोळ्यांसमोर धरून, हळूच म्हणाला, "कोनं ढिला केला बे हा?"

नत्थू म्हणाला, "मी... जरासाच, मिस्त्री. तुमची कंबर पाहून. म्हटलं, तुमाले जोर नको पडाले."

"कवा?"

"परवा. जेवाच्या सुट्टीत."

बिसाहूनं मान खाली घातली. "महूं... थोरकन. मोला नइ मालूम रिहिस के इहू करे हे." म्हणजे त्यानंही थोडासा ढिला केला होता, अन् नत्थूनंही केला हे त्याले माहीत नव्हतं.

मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं. मी तेलाच्या धारेकडे पाहिलं.

"परवा," मिस्त्री म्हणाला. "अन् काल हे गाडी कुठं गेली होती?"

नत्थूनं चाकावरच्या राजहऱ्याच्या लाल मातीकडे पाहिलं. धार बारीक होत होत थेंबावर आली, तरी तो तसाच पडून होता. शेवटी आम्ही तिघांनी धरून त्याले बाहेर काढलं. त्याचं तोंड राखेसारखं झालं होतं. लोकांले वाटलं, देव अंगात आला. कोणी त्याच्या गळ्यात हार घातला, कोणी त्याची ती दोन बोटं डोळ्याले लावली.

ट्रान्सपोर्ट साहेब अनवाणीच त्याच्याजवळ आला. त्याचा आवाज एकदम मऊ झाला होता. म्हणाला, "मिस्त्री, गेट पास जेब में रखो. मुझे बस इतना बताओ, नीचे लेटकर भगवान से क्या माँगा?"

मिस्त्रीनं मोटारीकडे पाहिलं. मग मोटारीजवळ उभं राहून पेढा खात असलेल्या पावेल साहेबाकडे पाहिलं.

"काई नाई मांगतलं, साहेब," तो म्हणाला. "जे द्याचं होतं, ते त्यानं कालच देऊन टाकलं."